साहेबाला उशिरा कळतं, लक्ष्याला आधी

धान घरी आलं, दिवाळी सरली, की भंडारा जिल्ह्यात नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडप पडतो आणि नाटक रात्रभर रंगतं. कथा कितीही रडवणारी असो, इथल्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, प्रेक्षकाला विनोदी पात्र हवंच. त्याहून जुनं इथलं लोकनाट्य म्हणजे खडी गंमत. तिथे शाहीर गंभीरपणे काही सांगू लागला, की त्याचा विनोदी जोडीदार, गमत्या, त्याच्या बोलण्याला फाटे फोडतो. शाहीर वैतागतो, तेच पुन्हा सोपं करून सांगतो. या वैतागातच मागे बसलेल्या पोरालाही अख्खी गोष्ट उमगून जाते!

पडद्यावरच्या विजोड तपासजोडीचं यंत्र नेमकं असंच चालतं. गुप्तहेराचं खरं काम डोक्यात होतं आणि कॅमेऱ्याला डोक्यातलं दिसत नाही. मग त्याने मनातलं बोलून दाखवावं तरी कुणापाशी? १८८७ साली छापून आलेल्या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्सच्या शेजारी डॉ. वॉटसन आहे. वॉटसनला कळत नाही म्हणून होम्स बोलतो, आणि होम्स बोलतो म्हणून वाचकाला कळतं. विनोदी चित्रपटाने यावर कडी केली. सोबती नुसता बावळट ठेवला नाही, त्याला घोळ घालायला मोकळं सोडलं. हुशार माणूस नियमाने तपास करतो, वेंधळा धडपडतो आणि नेमका पुराव्यावरच जाऊन आपटतो.

मराठीत याचा अस्सल नमुना म्हणजे महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’, १९९३ सालचा. इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीने तात्या विंचू हा गुंड मरतो, पण मंत्राच्या जोरावर त्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येऊन पडतो लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंच्या हातात. आणि लक्ष्या कोण, तर शब्दभ्रमकार! बाहुल्याला बोलतं करणं हेच ज्याचं काम, तो ‘बाहुला स्वतःहून बोलतो हो’ म्हणून कळवळून सांगतोय. कोण विश्वास ठेवणार? रामदास पाध्येंनी घडवलेला तो बाहुला आणि त्याला लाभलेला दिलीप प्रभावळकरांचा आवाज आपल्याला धडकी भरवतो, आणि त्याच क्षणी लक्ष्याची तारांबळ हसवते.

एकाच प्रसंगात भीती आणि हसू एकत्र कशी नांदतात? कारण दोन्ही एकाच फटीतून येतात. सत्य आहे ते ज्याच्या शब्दाला किंमत नाही त्याच्यापाशी, आणि पिस्तूल आहे ते ज्याला सत्य पटत नाही त्याच्यापाशी. ते दोघं एकमेकांपर्यंत पोचायला लावतात तेवढा वेळ म्हणजे चित्रपट. एकट्या महेशला शत्रू कोण हे कळलं नसतं, आणि एकट्या लक्ष्याला कळूनही काही करता आलं नसतं.

आपण मात्र पहिल्यापासून सगळं जाणून असतो. म्हणून लक्ष्या ओरडतो तेव्हा आपणही आतून ओरडतो, ‘अरे, खरं सांगतोय तो!’ कचेरीतल्या टेबलासमोर उभं राहून खरं बोलूनही ज्याचं ऐकलं गेलेलं नाही, त्याला या जोडीची गोडी समजावून सांगावी लागत नाही. शहाणपणाची मक्तेदारी वर्दीकडे नाही, हे इथे कुणी भाषण ठोकून सांगत नाही. साहेबाला शेवटी त्या भित्र्याचं ऐकावं लागतं, आणि टाळ्या पडतात त्या तिथे.