क्वांटम आले तरी ‘परम’ लागणारच

काशीतला मुन्शी घाट १८१२ मध्ये बांधला तो नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी. त्याला लागूनच अहिल्याबाई घाट. काशीच्या नदीकाठावर मराठी कर्तृत्वाच्या अशा खुणा जागोजाग आहेत. त्यातली सर्वांत अलीकडची खूण मात्र घाटांवर नाही. अस्सीच्या पुढे, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातल्या आयआयटीत ‘परम शिवाय’ हा महासंगणक आहे. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधला हा पहिला महासंगणक पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने उभारला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

आता क्वांटम संगणकांचा बोलबाला आहे. ‘महासंगणकाला हजारो वर्षे लागतील ते काम काही मिनिटांत’ असे मथळे वाचले, की ‘परम’चे दिवस भरले असे कुणालाही वाटेल. तसे अजिबात नाही. क्वांटम संगणक हा अधिक वेगवान महासंगणक नसून मोजक्या प्रश्नांसाठीचे वेगळ्या जातीचे यंत्र आहे.

‘परम शिवाय’ची कमाल क्षमता सुमारे ८३० टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला आठ लाख अब्जांहून अधिक आकडेमोडी. एका मोठ्या गणिताचे हजारो तुकडे करायचे, ते अनेक प्रोसेसरांकडे एकाच वेळी सोपवायचे आणि उत्तरे जुळवायची, ही त्याची रीत. अमेरिकेने भारताला हवा तो क्रे कंपनीचा महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार झालेला ‘परम ८०००’ याच रीतीने चालत असे. हवामानाचा अंदाज, रेणूंची रचना, पुलावरचा ताण अशी कामे या पद्धतीने उत्तम होतात.

क्वांटम संगणकाचा पाया क्युबिट. साधा बिट ० किंवा १ असतो. क्युबिट दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्यासह केलेल्या ६ क्युबिटांच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी २०२४ मध्ये पार पडली. ६ क्युबिटांची अवस्था लिहायला ६४ संख्या पुरतात, म्हणजे खिशातल्या मोबाइललाही ते सहज जमते. पण प्रत्येक नव्या क्युबिटाबरोबर संख्या दुप्पट होतात. ३० क्युबिटांना सुमारे १७ जीबी स्मृती लागते, ४० ना सुमारे १७ हजार जीबी आणि ५० ना जवळपास १ कोटी ८० लाख जीबी. ३०० क्युबिटांसाठी लागणाऱ्या संख्या दृश्य विश्वातल्या अणूंहून अधिक भरतात.

मग एवढी सगळी उत्तरे एकदम मिळतात का? नाही. क्युबिट मोजताक्षणी त्यांतून एकच उत्तर हाती येते, बाकी सारे पुसले जाते. म्हणून अल्गोरिदमची खरी करामत वेगळी आहे. घाटासमोर दोन होड्यांच्या लाटा भेटल्या, की कुठे पाणी उंचावते, कुठे सपाट होते. तसेच चुकीच्या उत्तरांच्या शक्यता एकमेकींना मारतील आणि योग्य उत्तराची वाढेल, अशी मांडणी करावी लागते. ती मोजक्याच प्रश्नांत साधते. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यासाठी ती दाखवली. असे अवयव पाडणे अवघड असण्यावरच विसंबलेल्या आजच्या बँकव्यवहारांच्या सांकेतिक कुलपांना धोका आहे तो त्यामुळेच. लव ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या पद्धतीने दहा लाख नोंदींतली एक शोधायला हजाराच्या आत पायऱ्या पुरतात.

म्हणून मथळ्यांतले दावे तपासून घ्यावेत. २०१९ मध्ये गूगलने ५३ क्युबिटांच्या ‘सिकॅमोर’ने २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणक १० हजार वर्षे घेईल, असे म्हटले. आयबीएमने लगेच अडीच दिवसांचा हिशेब मांडला. पुढे चिनी संशोधकांनी ५१२ ग्राफिक्स प्रोसेसर लावून तशाच कामाला सुमारे १५ तास लागल्याचे दाखवले. ते काम यंत्राची परीक्षा म्हणून निवडलेले होते. त्याचा व्यवहारात उपयोग नव्हता. तेव्हा असा दावा दिसला, की प्रश्न कोणता आणि तुलना नेहमीच्या संगणकावरच्या सर्वोत्तम पद्धतीशी केली आहे का, हे आधी विचारावे.

खरी अडचण चुकांची आहे. अनेक क्युबिटांना शून्याखाली सुमारे २७३ अंशांची थंडी लागते, तरीही हजारभर क्रियांत एखादी चुकतेच. विश्वासार्ह असा एक क्युबिट मिळवायला शेकडो, कधी हजाराच्या घरात प्रत्यक्ष क्युबिट खर्ची पडतात. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्याच १०५ क्युबिटांच्या ‘विलो’ने रचना मोठी केल्यावर चुका कमी होतात हे दाखवले. ही प्रगती मोठीच आहे, पण कुलूप तोडणारे यंत्र अजून दूर आहे.

शिवाय क्वांटम संगणक एकटा चालतच नाही. त्याला सूचना देणे, त्याच्या चुका ओळखणे, उत्तरे पडताळणे हे साध्या संगणकाचेच काम. सी-डॅक, बंगळुरूची आयआयएससी आणि रुरकीची आयआयटी यांनी २०२१ मध्ये तयार केलेल्या ‘क्यूसिम’ या प्रणालीवर विद्यार्थी नेहमीच्या संगणकावरच क्वांटम प्रोग्राम लिहून पाहू शकतात.

राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६,००३ कोटींहून अधिक रकमेची मंजुरी मिळाली. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटांपर्यंत पोहोचायचे आहे. हा खर्च योग्यच आहे, कारण हे तंत्र ऐनवेळी कुणी विकेल याची खात्री नाही. हा धडा आपण क्रेच्या वेळी शिकलो. पण त्यासाठी महासंगणकांचा निधी आटवला, तर क्वांटमचेही नुकसान होईल. दोन्ही यंत्रांची भाषा येणारी मुले वाराणसीत, पुण्यात, नागपुरात तयार व्हायला हवीत, आणि त्याची सुरुवात आज हाताशी असलेल्या ‘परम’वरच करता येईल.