मूर्तीची माती कुठे जाते?

मुलांनो, आपल्या पेणचे गणपती साऱ्या महाराष्ट्रात जातात, परदेशीही जातात. हमरापूर, जोहे या गावांत कारखान्यांना तोटा नाही. मूर्ती रंगवताना, डोळे आखताना आपण टक लावून बघतो. पण विसर्जनानंतर पाण्याखाली तिचं काय होतं?

मूर्ती शाडूची असेल, तर तिची पुन्हा माती होते. शाडू म्हणजे गुजरातेतून येणारी बारीक, चिकट माती. मूर्तिकार ती नुसती वाळवतो, भाजत नाही. त्यामुळे पाणी कणाकणांत शिरतं नि मूर्ती ढासळते. मडकंही मातीचंच, पण भट्टीत भाजल्यावर ती माती बदलते. मग खापरी कित्येक पिढ्या शेतात तशीच सापडते.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची गोष्ट वेगळी. जिप्सम हा दगड तापवला की त्यातलं बरंचसं पाणी उडून पांढरी पूड उरते. तिच्यात पाणी घातलं की ती घट्ट होऊन पुन्हा जिप्समच बनते. लीटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणून अशी मूर्ती हात मोडलेली, रंग उडालेली, तशीच पडून राहते. बघवत नाही हो! पण कारागिरांवर चटकन रागावू नका. शाडू जड, वाळायला वेळ, पावसाळ्यात तर विचारूच नका. प्लॅस्टर हलकं, साच्यातून लवकर निघतं. त्यावर कितीतरी घरांची चूल पेटते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर युक्ती काढली. बिस्किटं फुगवायला वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालायचं आणि मूर्ती त्यात ठेवायची. खाली खडूसारखी पूड बसते. वरचं पाणी खत म्हणून चालतं.

दगड, सिमेंट विरघळत नाही. तिथे निसर्ग वरून चढतो. रोह्याजवळचा अवचितगड रानाने कसा वेढलाय! वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडा बेटाजवळ जेसन डिकेअर्स टेलर या शिल्पकाराने २००६ पासून समुद्रतळाशी सिमेंटचे पुतळे मांडले. त्यांत हात धरून गोल उभी असलेली मुलं आहेत. त्यांच्या अंगावर प्रवाळ आणि स्पंज वाढलेत, आजूबाजूला मासे फिरतात. शिल्पकाराला हेच हवं होतं बरं का!

आता घरी करून बघा. तीन पेले पाणी घ्या. एकात वाळलेला, रंग न दिलेला शाडूचा गोळा, दुसऱ्यात खापरी, तिसऱ्यात प्लॅस्टरचा तुकडा टाका. रात्रभर हलवू नका. सकाळी काय दिसलं ते वहीत लिहून आणा.