नव्या खोलीतील वास आणि वृद्धांचा श्वास

विटा परिसरातील अनेक घरांतील मुले सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी परराज्यांत असतात. गावी आली की ती मोठ्या मायेने आईवडिलांची खोली नव्या फर्निचरने सजवतात. पुढे वडीलधाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागतात, घसा खवखवतो, जुना दमा बळावतो आणि दोष मात्र वयाला दिला जातो. अशा वेळी मी प्रथम विचारतो, ‘‘खोलीत नवे प्लायवूड बसवले आहे का?’’

प्लायवूडचे थर जोडण्यासाठी बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड डिंक वापरतात. त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू महिनोन्महिने बाहेर पडतो. उष्णता व दमटपणा वाढला की अधिकच. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना मानवी कर्करोगकारकांत केली. घाबरून जाऊ नये; परंतु दिवसभर घरातच असणाऱ्या वृद्धांना त्याची बाधा सर्वाधिक, हे विसरू नये.

प्लायवूड घेताना ‘ई-वन’ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाच्या ‘ई-झिरो’ दर्जाची लेखी खात्री करावी. कापलेल्या उघड्या कडा लॅमिनेटने बंद करून घ्याव्यात. काम संपल्यावर काही आठवडे खिडक्या व कपाटे उघडी ठेवावीत; तोवर वृद्धांचे अंथरूण जुन्याच खोलीत असावे. वास झाकण्यासाठी अगरबत्ती लावू नये. तिच्या धुरातही हाच वायू असतो. धाप लागल्यास मात्र विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

मायेने सजवलेल्या खोलीत मोकळी हवाही हवी.