शिशाची गोळी, पोपचं बॅरल आणि माझी व्हायवा

मेट्रॉलॉजीच्या व्हायवाला सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "अॅक्युरसी आणि प्रिसिजन यात फरक काय?" मी पाठ केलेली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली, वर पुस्तकातलं टार्गेटचं चित्रही काढून दाखवलं. सर म्हणाले, "ठीक. एका रायफलच्या दहाच्या दहा गोळ्या एकाच भोकातून गेल्या, पण मध्यापासून चार इंच डावीकडे. रायफल चांगली की वाईट?" मी छातीठोकपणे सांगितलं, "वाईट, सर." सरांनी फक्त चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा रोल नंबर पुकारला.

मित्रांनो, त्या एका "वाईट"मुळे मी पुढचा महिनाभर रायफलींच्या मागे लागले. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. (माझं मराठीही कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.) पण शोधता शोधता एक अजब दुनिया सापडली. एका वेळी एकच गोळी भरायची, गोळी घरी साच्यात ओतलेली, साध्या शिशाची, आणि बॅरल एखाद्या कारागिराकडून मुद्दाम करवून घेतलेलं. ऐकायला अगदी जुनाट वाटतं ना? मग हे वाचा. मे १९०१ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या सी. डब्ल्यू. रोलंड यांनी रायफल टेकवून २०० यार्डांवरून दहा गोळ्या झाडल्या. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंतलं अंतर भरलं ०.७२५ इंच, म्हणजे साधारण १८ मिलिमीटर. २०० यार्ड म्हणजे क्रिकेटची नऊ पिचेस एकापुढे एक. आणि सगळी भोकं जवळजवळ आपल्या दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जागेत!

ते बॅरल होतं हॅरी पोप याचं. पोप म्हटलं की मला आधी व्हॅटिकनच आठवतं, पण हा पोप इंजिनियर. जन्म १८६१, एमआयटीतून १८८१ साली बाहेर पडला, हार्टफर्डला काकांच्या सायकल कंपनीत नोकरी केली आणि मग आयुष्यभर बॅरलं घडवली. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात त्याचं दुकान गेलं, तेव्हा जर्सी सिटीत नव्यानं सुरुवात केली. १९५० साली वारला. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः जर्मनीहून आलेल्या लोकांनी काढलेल्या 'शुत्सेन' क्लबांतले नेमबाज. रविवारी जमायचं, उभं राहून २०० यार्डांवर नेम धरायचा, बिअर प्यायची. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटलं की लोक नाक मुरडू लागले आणि ही मजा ओसरली, पण पूर्ण संपली नाही. अमेरिकेत अजून तशा मॅचेस होतात.

आता आपल्या कामाची गोष्ट. गोळी का चुकते?

बॅरलच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यांना रायफलिंग म्हणतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि लटपटत नाही. किती पीळ हवा याचं एक जुनं सूत्र ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञानं १८७९ साली दिलं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी. व्यास ०.३२ इंच आणि लांबी ०.९५ इंच धरा, उत्तर येतं साधारण १६. म्हणजे १६ इंचांत एक फेरा. गोळी सेकंदाला १४०० फूट वेगानं निघाली तर ती मिनिटाला ६३,००० वेळा फिरत असते. आमच्या वर्कशॉपमधलं लेथ कितीही जोरात चालवलं तरी दोन हजाराच्या आतच!

इथेच गोम आहे. साच्यात शिसं ओतताना आत हवेचा बारीकसा बुडबुडा राहिला, तर गोळीचा गुरुत्वमध्य बरोब्बर मध्यावर राहत नाही. बॅरलमध्ये असेपर्यंत गोळीला बॅरलच्या अक्षाभोवतीच फिरावं लागतं, त्यामुळे तो सरकलेला गुरुत्वमध्य एका छोट्या वर्तुळात फिरतो. बाहेर पडल्याबरोबर गोफणीतला दगड सुटावा तसा तो स्पर्शरेषेनं बाजूला निघतो. किती? गुरुत्वमध्य एक थाऊ, म्हणजे ०.००१ इंच, सरकलाय असं धरा. दर फेऱ्याला तो २ × ३.१४ × ०.००१, म्हणजे सुमारे ०.००६ इंच बाजूला जाणार. २०० यार्ड म्हणजे ७२०० इंच, भागिले १६, म्हणजे ४५० फेरे. गुणाकार करा: २.८ इंच! (हवेचा विरोध सोडून दिलाय. आणि बघा, या हिशोबात गोळीचा वेग कुठेच आला नाही.) केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा दोष, आणि कागदावर पावणेतीन इंच. मग पाऊण इंचात दहा गोळ्या बसवणाऱ्यांनी गोळ्या कशा ओतल्या असतील याचा विचार करा.

ओतकाम किती अवघड असतं हे मला फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये चांगलंच कळलंय. माझ्या जॉबला ब्लोहोल पडलं होतं, म्हणून मी तो शहाणपणानं पालथा ठेवला. इन्स्ट्रक्टरनी आधी तोच उलटा केला. असो. ही मंडळी शिशात थोडं कथील घालतात, साधारण २५ किंवा ३० भागांना एक, म्हणजे शिसं साच्यात नीट भरतं. साचा थंड असला की गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला की ती पांढुरकी निघते. म्हणून ठेका धरून ओतत राहायचं, सुरुवातीच्या गोळ्या परत वितळवायच्या, उरलेली एकेक गोळी वजन करून निवडायची. हलकी भरली म्हणजे आत बुडबुडा आहे.

पण सगळ्यात इंटरेस्टिंग माणूस म्हणजे डॉ. फ्रँकलिन मान. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा हा गृहस्थ शिकलेला डॉक्टरकी, धंदा कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं कापायच्या यंत्रांचा, आणि वेड हे! त्यानं काँक्रीटचा भक्कम ओटा बांधून त्यावर बॅरल टेकवलं, म्हणजे माणसाचा हात थरथरला ही सबबच नको. वाटेत ओळीनं कागदाचे पडदे लावले आणि गोळी कुठे तिरकी होते, कशी जाते ते भोकांवरून मोजलं. वर्षानुवर्षं मोजलं, आणि १९०९ साली पुस्तक काढलं. त्यानं गोळ्या मुद्दाम बिघडवल्या, बरं का. काहींची टोकं कापली, काहींची बूडं कानशीनं घासली. आपल्याला वाटेल टोक बिघडलं की संपलं. पण टोक बिघडलेल्या गोळ्या बऱ्यापैकी जागेवर गेल्या, बूड बिघडलेल्या मात्र भरकटल्या.

कारण समजलं की सोपं आहे. बॅरलच्या तोंडातून शेवटी बाहेर पडतं ते बूड, आणि त्यामागे दाबाखालचा गॅस असतो. बूड एका बाजूला जरा जरी तुटकं असलं तर त्या बाजूनं गॅस आधी निसटतो आणि जाता जाता गोळीच्या शेपटीला धक्का मारून जातो. टोक तेव्हा पुढे निघून गेलेलं असतं, त्याला काय!

हे कळल्यावर पोपच्या सगळ्या युक्त्या उलगडल्या. त्याचा साचा टोकाकडून भरायचा, म्हणजे ओतल्याची खूण टोकावर राहते आणि बूड स्वच्छ. गोळी मागून भरली तर खाचांत शिरताना तिचं शिसं मागे ओढलं जातं आणि बुडाच्या कडेला बारीक शेपट्या येतात. म्हणून पोपच्या रायफलीत गोळी चक्क पुढून, नळीच्या तोंडातून भरायची, आणि दारूची पितळी केस मागून. पुढून ढकलताना गोळीची कड आणि बॅरलचं तोंड खराब होऊ नये म्हणून 'फॉल्स मझल', म्हणजे खोटं तोंड. बॅरल थोडं लांब घ्यायचं, पुढचा तुकडा कापायचा, पिनांनी पुन्हा जागेवर बसवायचा आणि मग दोघांना एकत्र रायफलिंग करायचं. खाचेला खाच जुळणारच! गोळी आत गेली की तो तुकडा काढून ठेवायचा. विसरून गोळी झाडली जाऊ नये म्हणून अनेकदा त्यावर नेमाची रेषा अडवणारा एक अडसर असायचा. हे मला भारी आवडलं, कारण विसरणारा माणूसही डिझाइनमध्ये धरलाय.

बॅरलही तसंच. आठ खाचा, डावीकडचा पीळ, तो तोंडाकडे जरा घट्ट होत जाणारा, आणि भोकही तोंडाशी किंचित आवळ. अशा खाचा एकाच कटरनं ओढून ओढून पाडतात, आणि एका खेपेला निघणारा धातू डोळ्याला दिसतसुद्धा नाही. त्या बॅरलला जुळणारा साचा, वंगण भरायचा पंप, सगळा सेट एकत्र मिळायचा. एकाचा साचा दुसऱ्याला चालेलच असं नाही.

शिसं आता कोण वापरतं असं वाटत असेल, तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, तिथेही गोळी शिशाचीच असते आणि रायफल एका वेळी एकच गोळी घेणारी. फरक इतकाच की त्या गोळ्या कारखान्यात दाबून बनवतात. तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं.

आता सरांचा प्रश्न. कितीही काळजी घेतली तरी एका साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक गोळीत साच्याचा तोच तो बारीक दोष उतरतोच, गुरुत्वमध्य एका बाजूला जरासा सरकलेला. मग हे लोक साच्यात एक छोटी खूण करून ठेवतात. ती प्रत्येक गोळीवर उमटते, आणि खूण दर वेळी त्याच दिशेला ठेवून गोळी भरायची. दोष तसाच राहतो, पण दहाही गोळ्या एकाच बाजूला तितक्याच चुकतात. मग साइटचा स्क्रू थोडा फिरवायचा, की सगळ्या मध्यावर. खूण न बघता भरल्या तर त्याच गोळ्या गोल पसरतात, आणि त्यावर जगातला कुठलाही स्क्रू चालत नाही. म्हणजे चार इंच डावीकडे एकाच भोकातून गोळ्या घालणारी रायफल उत्तम होती. वाईट होतं माझं उत्तर.

याच हट्टापायी अनेकजण अख्ख्या मॅचला एकच पितळी केस वापरतात. झाडली की काढायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून भरायची, पुन्हा तीच. दोन केसेसमधला फरकही नको! वाऱ्याचं मात्र काही करता येत नाही. गोळी हळू जाते, त्यामुळे वारा तिला सहज ढकलतो. मग रेंजवर छोटे झेंडे लावून ते सगळे सारखे होईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवून बसून राहायचं.

परवा कॉरिडॉरमध्ये सर भेटले, तेव्हा मी त्यांना हे सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "छान. पण मार्क मागच्याच आठवड्यात पाठवलेत."