सवाई माधवरावांचें संगोपन

मुलाचें पालन म्हणजे केवळ अन्न, वस्त्र व रक्षण नव्हे. योग्य वेळीं त्याचा कारभार त्याच्या हातीं सोपविणें हेंही पालनच होय. पुण्याच्या इतिहासांत याचें उदाहरण सवाई माधवरावांचें आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशवे शनिवारवाड्यांत मारले गेले, त्या वेळीं त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनीं त्यांना पुरंदरावर ठेविलें. सोबतीस सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुत्र झाला, व अवघ्या चाळीस दिवसांचा असतां त्याला पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. १७७७ त गंगाबाई वारल्या. मायेचा आधार चुलत आजी पार्वतीबाईंचा राहिला. त्याही १७८३ त गेल्या. बाकी सर्व भार नाना फडणिसांवर पडला.

संगोपनांत उणीव ठेविली नव्हती. आजी गोपिकाबाईंनीं नातवाला पत्रानें दिनचर्या व वर्तनाचे नियम लिहून पाठविले. मुलाला पशुपक्ष्यांचा नाद होता. त्यासाठीं पर्वतीजवळ शिकारखाना होता. तेथील गेंड्याचें चित्र गंगाराम तांबटांनीं १७९० त काढिलें.

कडक पहाऱ्यालाही कारण होतें. रघुनाथराव गादीवर हक्क सांगत होते. परंतु १७८३ च्या अखेरीस ते वारले, तरी पहारा सैल झाला नाहीं. सोळाव्या वर्षानंतर पुत्राशीं मित्राप्रमाणें वागावें, असें आपले नीतिकार सांगतात. माधवरावांचें तें वय १७९० त झालें. मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या मोहिमेंत ते जातीनें होते, तरी कारभाराचीं सूत्रें नानांच्याच हातीं राहिलीं. त्याच वर्षीं नजरकैदेंतील चुलते बाजीराव यांच्याशीं चाललेला त्यांचा गुप्त पत्रव्यवहार उघडकीस आला, आणि नानांनीं कडक शब्दांत कानउघाडणी केली. २५ ऑक्टोबरला ते वाड्याच्या वरच्या मजल्यावरून कारंज्यावर पडले व २७ ला वारले. तापाच्या वातांत तोल गेला कीं जाणून उडी घेतली, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे.

मृत्यूचा दोष नानांच्या माथीं मारण्याचा येथें हेतु नाहीं. त्यांनीं बाळ वांचविलें, वाढविलें, हें निर्विवाद आहे. परंतु चाळीस दिवसांच्या बाळाला जो पहारा आवश्यक, तोच एकवीस वर्षांच्या पुरुषाला बंदिवास होतो. वाढविणाराचा हात केव्हां धरावा याइतकेंच तो केव्हां सोडावा हेंही ज्ञान पालकाला पाहिजे.