विश्लेषण : महिला गोल्फवर आशियाई मोहोर, मग प्रायोजकांचे घोडे अडते कुठे?

मे २०१९. अमेरिकी महिला खुली गोल्फ स्पर्धा तोंडावर आली होती. टायगर वुड्सचे माजी प्रशिक्षक हँक हेनी यांना एका रेडिओ कार्यक्रमात संभाव्य विजेतीबद्दल विचारण्यात आले. कुणीतरी कोरियनच जिंकेल, टूरवरील सहा जणींची नावेही आपल्याला सांगता येणार नाहीत, फार तर ‘ली’ म्हणू, म्हणजे बऱ्याच जणी त्यात येतील, अशा आशयाची टिप्पणी त्यांनी केली. टीकेची झोड उठली. पीजीए टूरने त्यांना कार्यक्रमातून निलंबित केले. आणि स्पर्धा जिंकली दक्षिण कोरियाच्या ली जोंग-उन हिने! कोरियात याच नावाच्या इतर खेळाडू असल्याने तिच्या नावापुढे चक्क ‘६’ हा आकडा लावला जातो.

किस्सा गमतीचा वाटला तरी त्यामागचा प्रश्न जुना आहे. महिला व्यावसायिक गोल्फमध्ये जिंकणाऱ्या बहुतांश आशियाई आणि पैसा ओतणाऱ्या कंपन्या बराच काळ अमेरिकी. या दोघांचे जमेल का, यावर वीस वर्षे वाद झाला. प्रत्यक्षात काय घडले?

आशियाई लाट कधी सुरू झाली?

अमेरिकेतील ‘एलपीजीए’ ही महिला गोल्फची सर्वात मोठी टूर. १९५० मध्ये १३ महिला खेळाडूंनी तिची स्थापना केली. जपानच्या चाको हिगुची यांनी १९७७ मध्ये एलपीजीए अजिंक्यपद जिंकून आशियाला पहिले ‘मेजर’ मिळवून दिले. १९८७ मध्ये जपानच्याच अयाको ओकामोतो वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरल्या. मात्र, खरी कलाटणी मिळाली १९९८ मध्ये. दक्षिण कोरियाच्या २० वर्षीय से री पाकने अमेरिकी खुल्या स्पर्धेच्या प्लेऑफमध्ये पाण्याकाठी अडकलेला चेंडू बूट-मोजे काढून, पाण्यात उतरून बाहेर काढला. एकूण २० होल चाललेला तो प्लेऑफ तिने जिंकला. आशियाई आर्थिक संकटाने तेव्हा कोरिया होरपळत होता. टीव्हीवर ते दृश्य पाहणाऱ्या मुलींची पिढी पुढे ‘से री किड्स’ म्हणून ओळखली गेली. त्यातलीच इनबी पार्क. तिने २०१३ मध्ये वर्षातील पहिल्या तिन्ही मेजर स्पर्धा जिंकल्या आणि २०१६ मध्ये रिओत ऑलिम्पिक सुवर्ण पटकावले.

एलपीजीएला प्रायोजकांची एवढी गरज का?

पुरुषांच्या पीजीए टूरला टीव्ही प्रक्षेपण हक्कांतून प्रचंड पैसा मिळतो. महिलांच्या टूरला तो आधार तुटपुंजा. त्यामुळे जवळपास प्रत्येक स्पर्धा मुख्य प्रायोजकावर उभी असते. बक्षिसाची रक्कम, मैदान, आयोजन, प्रक्षेपणाचा खर्च, सगळे त्याच्याच खिशातून. प्रायोजकाने हात काढून घेतला की स्पर्धाच कॅलेंडरवरून गायब होते.

खेळाडूचे गणित याहून कठीण. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर ‘कट’ चुकला, तर बहुतेक स्पर्धांत त्या आठवड्याची कमाई शून्य. विमानभाडे, हॉटेल, कॅडीचा मेहनताना आणि प्रशिक्षकाची फी मात्र द्यावीच लागते. टोपीवर लोगो असणारी आणि कोरी टोपी घालून खेळणारी, या दोघींच्या कामगिरीतला फरक अनेकदा इथूनच सुरू होतो.

मंदीचा फटका किती बसला?

२००८ मध्ये एलपीजीएच्या ३४ स्पर्धा होत्या. २०११ मध्ये उरल्या अवघ्या २३. जिन या अमेरिकी रिअल इस्टेट कंपनीच्या नावाने दोन स्पर्धा होत. गृहबांधणीचा फुगा फुटला आणि दोन्ही बंद पडल्या. सेमग्रुप ही ऊर्जा कंपनी दिवाळखोरीत गेली, तिची स्पर्धाही गेली. १९७९ पासून चालत आलेली कॉर्निंग क्लासिक २००९ मध्ये थांबली. खेळाडूंच्या नाराजीनंतर आयुक्त कॅरोलिन बिव्हन्स यांनी २००९ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेल्या माइक व्हान यांनी २०११ मध्ये ‘फाउंडर्स कप’ सुरू केला, तेव्हा पहिल्या वर्षी खेळाडूंना प्रत्यक्ष बक्षिसाची रक्कम मिळालीच नाही. पैसा समाजकार्यासाठी गेला. त्यावरूनही बराच वाद झाला.

मग खापर आशियाई खेळाडूंवर का फुटले?

कारण ते सोपे होते. २००३ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या जॅन स्टीफन्सन यांनी आशियाई खेळाडूंमुळे टूरचे नुकसान होत असल्याचा आरोप केला होता. नंतर त्यांनी माफी मागितली. २००८ मध्ये तर टूरनेच फतवा काढला : इंग्रजी बोलता आले नाही, तर निलंबन. तेव्हा टूरवर ४५ दक्षिण कोरियन खेळाडू होत्या. रोख कुणाकडे आहे, हे कुणाच्याही लक्षात येण्यासारखे होते.

टूरचा युक्तिवाद असा, की स्पर्धेआधी ‘प्रो-ॲम’ फेरी होते. प्रायोजक कंपनीचे अधिकारी आणि त्यांचे ग्राहक खेळाडूसोबत काही तास घालवतात. गप्पाच झाल्या नाहीत, तर प्रायोजक पुढच्या वर्षी पैसे कशाला देईल? या चिंतेत तथ्य होते. पण उपाय म्हणून शिकवणीऐवजी शिक्षा पुढे आली. खुद्द प्रायोजकांपैकी स्टेट फार्म कंपनीनेच नाराजी व्यक्त केली आणि काही आठवड्यांतच निलंबनाची अट मागे घेण्यात आली.

बंद पडलेल्या स्पर्धांची यादी पाहिली, तर त्यामागे भाषा नव्हे, कोसळलेला ताळेबंद दिसतो.

टूरला तारले कुणी?

गंमत म्हणजे आशियानेच. थायलंडमधील होंडा स्पर्धा २००६ मध्ये आणि सिंगापूरमधील एचएसबीसी स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली होती. ऐन पडत्या काळात, २०१० मध्ये मलेशिया आणि २०११ मध्ये तैवान कॅलेंडरवर आले. कोरियातील प्रक्षेपण हक्क टूरसाठी महत्त्वाचा उत्पन्नस्रोत बनले. अमेरिकेतच होणाऱ्या क्राफ्ट नॅबिस्को या मेजर स्पर्धेचे प्रायोजकत्व सुटल्यावर २०१५ मध्ये जपानची ऑल निप्पॉन एअरवेज पुढे आली. एलपीजीएच्या खालच्या पायरीवरील टूरचे नाव आज ‘एप्सन टूर’ आहे, एप्सनही जपानीच. ज्या खेळाडूंमुळे पैसा आटेल असे म्हटले जात होते, त्यांच्याच देशांतून तो आला.

आज चित्र काय आहे?

पैसा वाढला आहे. २०२२ मध्ये अमेरिकी महिला खुल्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम एक कोटी डॉलरवर गेली. २०२४ मध्ये ती १.२ कोटी डॉलर झाली आणि विजेत्या युका सासोला २४ लाख डॉलर, म्हणजे सुमारे २० कोटी रुपये मिळाले. त्याच वर्षी हंगामाची अखेरची सीएमई स्पर्धा जिंकणाऱ्या थायलंडच्या अथाया थिटिकुलने ४० लाख डॉलर कमावले. तरीही दरी मोठी आहे : २०२४ च्या पुरुषांच्या अमेरिकी खुल्या स्पर्धेची बक्षीस रक्कम २.१५ कोटी डॉलर होती.

आशियातही सत्तांतर सुरू आहे. २०११ ते २०२० या काळात दरवर्षी किमान एक मेजर कोरियाकडे गेले. २०२१ मध्ये ही साखळी तुटली. कोरियातील देशांतर्गत टूर इतकी सधन झाली, की घर सोडून अमेरिका गाठण्याची निकड कमी झाली. आता जपानची पाळी आहे. २०२५ मध्ये माओ साइगोने शेवरॉन, तर मियु यामाशिताने ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. चीन आणि थायलंडच्या खेळाडूंनी जागतिक अग्रस्थानही मिळवले आहे.

भारतासाठी यात काय?

टोक्यो ऑलिम्पिकमध्ये जागतिक क्रमवारीत २०० व्या स्थानी असलेली बंगळूरुची अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकले. तेव्हा तिची कॅडी होती तिची आई. त्या सकाळी अनेक भारतीयांनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिले. त्यानंतर अदिती आणि दीक्षा डागर यांनी युरोपियन टूरवर विजेतेपदेही मिळवली. मात्र, देशातील महिला खुली स्पर्धा आणि देशांतर्गत महिला टूर, दोन्हींच्या नावापुढे एकाच कंपनीचे नाव आहे : हीरो.

कोरिया आणि जपानमध्ये आधी घरची टूर उभी राहिली, तिला डझनावारी कंपन्यांनी हात दिला आणि मग जागतिक विजेत्या घडल्या. से री पाकचा तो फटका ठिणगी होता. तिच्यावर फुंकर घालायला बाजारपेठ तयार होती. अदितीच्या त्या चौथ्या क्रमांकानंतर भारतात किती कंपन्या पुढे आल्या, यावरच पुढची अदिती कधी दिसेल हे ठरेल.