रुळांचा तिठा : ग्लाइसड्राइएक

शहरी रेल्वेचे जुने नकाशे पाहण्याचा मला कित्येक वर्षांचा नाद आहे. बर्लिनची भुयारी रेल्वे १९०२ साली सुरू झाली. त्या काळचा तिचा नकाशा उघडला की नजर एकाच जागी खिळते. पूर्वेकडून, पश्चिमेकडून आणि पोट्सडामर प्लाट्झकडून आलेले रूळ तिथे एकमेकांना मिळून त्रिकोण होतो. हे ग्लाइसड्राइएक. तेव्हा तिथे स्टेशन नव्हतंच; उंच पुलांवर नुसते सांधे होते. कुठूनही बसावं आणि मध्ये न उतरता हव्या त्या टोकाला पोचावं, अशी ती सोय होती.

गाड्या वाढल्या तशी या सोयीतली जोखीम वाढली. २६ सप्टेंबर १९०८ रोजी एका मोटरमनने धोक्याचा सिग्नल ओलांडला. दोन गाड्यांची टक्कर झाली आणि एक डबा पुलावरून खाली कोसळला. १८ माणसं दगावली, २१ गंभीर जखमी झाली.

मोटरमन चुकला, हे खरं. पण एका माणसाची नजर क्षणभर चुकली म्हणून इतके जीव जावेत, अशी रचना करणाऱ्यांचा दोष मला अधिक मोठा वाटतो. पुढे जे बांधलं गेलं, त्यावरून अभियंत्यांनाही ते उमगलं असावं. त्यांनी त्रिकोणच मोडला. एक मार्ग दुसऱ्याच्या डोक्यावरून नेला, फलाट वरखाली बांधले आणि ३ नोव्हेंबर १९१२ रोजी तिथे स्टेशन सुरू झालं. दादरला गाडी बदलणाऱ्याची जिने चढता-उतरता होते तशी दमछाक आता बर्लिनकराच्याही वाट्याला आली. पण दोन दिशांच्या गाड्या एकाच सांध्यावर समोरासमोर येणं थांबलं. प्रवाशाची थोडी गैरसोय करून त्याचा जीव राखणं, याला मी उत्तम अभियांत्रिकी म्हणतो. लेखक योझेफ रोटने १९२४ साली ग्लाइसड्राइएकवर लेख लिहिला, तो इथल्या लोखंडी सामर्थ्याने भारावून. मला इथे त्याआधी १९०८चा धसका दिसतो.

१९२६ साली निघालेला नवा फाटा तर डेनेवित्सश्ट्रासवरच्या एका राहत्या इमारतीच्या पोटातून गेला. बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर खालच्या फलाटाची रया गेली आणि १९७२मध्ये तिथल्या गाड्या बंद झाल्या. पुढे चुंबकीय रेल्वेचा प्रयोग झाला, तोही १९९१मध्ये गुंडाळला. १९९३च्या नोव्हेंबरात जुना मार्ग पुन्हा जोडला गेला.

खरी झुंज झाली ती खालच्या जमिनीसाठी. मालधक्क्यांची ही विस्तीर्ण जागा पश्चिम बर्लिनमध्ये, पण ताबा पूर्व जर्मनीच्या रेल्वेकडे. त्यामुळे ती पडून राहिली आणि रुळांमधून झाडं उगवली. पश्चिमेच्या नगररचनाकारांना तिथून ‘वेस्टटांगेंटे’ हा महामार्ग न्यायचा होता. १९७४ साली रहिवाशांनी त्याविरुद्ध संघटना उभारली आणि वर्षानुवर्षं नेटाने लढून तो रस्ता होऊ दिला नाही. त्यांना हिरवळ हवी होती, पण आपसूक उगवलेलं रानही राखायचं होतं. अखेर तिथे उद्यान झालं; त्याचा पूर्व भाग २०११मध्ये आणि पश्चिम भाग २०१३मध्ये खुला झाला. त्यात जुन्या रुळांचे काही पट्टे आणि त्या रानाचा एक तुकडा राखला आहे.